सावित्रीबाई फुले : शाळेतून प्लेगच्या दवाखान्यात



मार्च महिन्याच्या ८ तारखेला ख्रिस्तसभा संत योहान ऑफ गॉड यांचा सण साजरा करते. रुग्णालये, रुग्ण आणि परिचारिका यांचे ते आश्रयदाते संत. त्याच दिवशी जगभर महिला दिन असतो, त्यामुळे संतांचे नाव थोडे मागे पडते. त्यानंतर दोनच दिवसांनी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन येतो. सावित्रीबाईंचा फोटो आपल्या मुलांच्या शाळेत असतो, ३ जानेवारीला त्यांच्या जयंतीला भाषणे होतात आणि पहिली शिक्षिका म्हणून पोरांना त्यांचे नाव पाठ असते. पण त्या कशा वारल्या, हे विचारले तर मोठी माणसेही गप्प बसतात. सावित्रीबाई वारल्या त्या रुग्णसेवा करताना. ज्या वयात आपल्याकडे बायका सुनेच्या हातचा चहा घेऊन ओसरीवर बसतात, त्या वयात त्या प्लेगच्या दवाखान्यात उभ्या राहिल्या.

सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या, हे आधीच सांगितलेले बरे. सत्यशोधक समाजाच्या त्या आधारस्तंभ होत्या आणि आपल्या विचारांशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहिल्या. त्यांना ओढूनताणून आपल्या पंक्तीत बसवण्याचा इथे हेतू नाही. परंतु प्रायश्चित्तकाळात आपण ज्या सेवेविषयी ऐकतो, ती एका मराठी बाईने आपल्याच मातीत कशी केली, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

आधी संत योहान यांच्याविषयी दोन शब्द. हे पोर्तुगालमधील माँतेमोर गावचे. जन्म १४९५चा. त्यांनी मेंढरे राखली, सैन्यात चाकरी केली, पुढे स्पेनमधील ग्रानादा शहरात पुस्तके विकली. चाळिशी ओलांडल्यावर आविलाच्या संत योहान यांचे प्रवचन ऐकून त्यांचे मन इतके हलले, की लोकांनी त्यांना वेडा ठरवून इस्पितळात डांबले. वेड्यांचे कसे हाल होतात ते त्यांनी तिथे स्वतः भोगले. बाहेर आल्यावर त्यांनी भाड्याच्या घरात रुग्णांसाठी खाटा मांडल्या. रस्त्यावर पडलेला आजारी माणूस दिसला की ते त्याला पाठीवर घेऊन येत. चित्रांतून ते पुष्कळदा असेच दिसतात, रुग्णाला उचलून नेणारे. नदीत बुडणाऱ्या एका तरुणाला वाचवण्यासाठी त्यांनी पाण्यात उडी घेतली, त्यातून आजारपण ओढवले आणि १५५०च्या ८ मार्चला ते देवाघरी गेले. रुग्णाला पाठीवर घेतलेले हे चित्र वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, नऊ वर्षांच्या असताना, पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी त्यांचे लग्न झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. लहानपणीची एक गोष्ट सांगतात. शिरवळच्या बाजारात एका मिशनऱ्याने तिला एक पुस्तक दिले. घरी वडिलांनी ते फेकून दिले, मुलीने ते गुपचूप उचलून ठेवले आणि लग्नानंतर सासरी नेले. अक्षर एकही येत नव्हते, पण पुस्तक टाकवले नाही.

सासरी सगुणाबाई क्षीरसागर होत्या. नात्याने त्या जोतीरावांच्या मावसबहीण, पण आई लवकर गेल्याने त्यांना आईच्या मायेने वाढवले ते सगुणाबाईंनीच. त्या एका मिशनरी साहेबांकडे अनाथ मुलांना सांभाळण्याचे काम करीत. मुलांचे नाक पुसणे, ताप आला तर उशाशी बसणे, रडणाऱ्याला कडेवर घेणे, असे ते काम. परक्याच्या पोरांना आपले म्हणणारे पहिले माणूस सावित्रीबाईंनी पाहिले ते या घरात. पुस्तकाचे शिक्षण जोतीरावांनी दोघींना दिले. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. पुढे सावित्रीबाईंनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका अविवाहित बाईने नगरच्या मुलींना शिकवावे आणि तिच्या हाताखाली तयार झालेल्या बाईने पुण्यात शाळा चालवावी, हा धागा आपल्या ख्रिस्ती माणसांनाही फारसा माहीत नसतो.

१८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढची कथा सर्वांना माहीत आहे. शाळेत जाताना लोक शेण आणि चिखल फेकीत. सावित्रीबाई शाळेत पोहोचल्यावर लुगडे बदलीत. समाजाच्या दबावाने सासऱ्यांनी घराबाहेर काढले, तेव्हा त्यांना उस्मान शेख यांच्याकडे आसरा मिळाला. महारमांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, पुढे १८६८ साली फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आज हे वाचताना सोपे वाटते. तेव्हा विटाळ हा शब्द माणसाच्या हातापायांत भिनलेला होता. कोणाचे पाणी प्यावे, कोणाची सावली अंगावर पडू द्यावी, कोणाला हात लावावा, हे जन्मापासून ठरलेले. आणि रुग्णसेवेचे पहिले पाऊल काय असते? आजाऱ्याला हात लावणे. ज्याला विटाळाची भीती आहे त्याच्या हातून नर्सचे काम होणेच शक्य नाही. सावित्रीबाईंनी ही भीती ऐन तरुणपणी, शाळेच्या निमित्ताने, मोडून काढली होती. माझ्या मते त्यांच्या रुग्णसेवेची खरी तयारी भिडे वाड्यातच झाली.

एक छोटी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १८५६ साली सावित्रीबाई स्वतः खूप आजारी होत्या आणि नायगावला माहेरी राहिल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. भावाने मनापासून केलेली शुश्रूषा, आपल्या गैरहजेरीत शाळेचा भार एकट्या फातिमावर पडला असेल ही काळजी, आणि अस्पृश्यांना शिकवणे पाप आहे असे भावाने म्हटल्यावर त्याच्याशी घातलेला वाद, हे सगळे त्या पत्रात आहे. शुश्रूषा करणारा भाऊ प्रेमळ, पण मनाने जुन्या वळणाचा. सावित्रीबाईंनी त्याची सेवा कृतज्ञतेने घेतली आणि त्याचे मत मात्र खोडून काढले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कसे वाटते, हे त्या पंचविशीतच शिकल्या.

१८६३ साली फुले दांपत्याने आपल्या पुण्याच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्या काळी ब्राह्मण घरांत लहान वयात विधवा झालेल्या मुलींचा पुनर्विवाह होत नसे. एखादीचे पाऊल घसरले, किंवा घरातल्याच कोणी तिच्यावर हात टाकला, तर दोष तिचाच. मग गावठी औषधे घेऊन गर्भ पाडायचा, नाहीतर जन्मलेले मूल मारायचे, किंवा विहीर जवळ करायची. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेने नवजात मुलाला मारले आणि तिला अंदमानची शिक्षा झाली. त्यानंतर फुल्यांनी शहरात जाहिराती लावल्या. विधवांनी इथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, कोणी काही विचारणार नाही, असा त्यांचा आशय होता. १८८४पर्यंत ३५ गर्भवती विधवा या घरी आल्या.

आपल्या घरात परक्या बाईचे बाळंतपण करायचे म्हणजे काय, हे इथल्या आयाबायांना सांगायला नको. पाणी तापवायचे, रक्ताचे कपडे धुवायचे, बाळंतिणीला ताप आला तर रात्र जागायची, दूध आले नाही तर बाळाला वाटी-चमच्याने पाजायचे. त्यातही या बायका साध्या बाळंतिणी नव्हत्या. गर्भ पाडण्यासाठी आधी नाना औषधे पोटात गेलेली, शरीर पोखरलेले, मन भेदरलेले. पुष्कळ मुले जगली नाहीत. ज्या मुलांना मागे ठेवून आया निघून गेल्या, त्यांचे संगोपन सावित्रीबाईंवर आले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. १८७४ साली काशीबाई नावाच्या दुसऱ्या एका विधवेचा मुलगा या घरात जन्मला. त्याला फुले दांपत्याने दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. हाच मुलगा पुढे डॉक्टर झाला. ज्याला जगात यायलाही जागा नव्हती त्याच्या हातून रुग्ण बरे झाले, ही देवाची करणी म्हणायला हरकत नाही. सावित्रीबाईंनी तिला हे नाव दिले नसते, एवढेच.

१८७६-७७चा दुष्काळ भयंकर होता. नद्या आटल्या, गुरे मेली, लोक झाडपाला खाऊन राहू लागले. सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे उघडली. धनकवडीच्या आश्रमात दुष्काळग्रस्त मुलांना जेवू घातले जाई. सावित्रीबाई जुन्नर भागात मदतीला गेल्या होत्या. १८७७च्या एप्रिलमध्ये ओतूरहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी दुष्काळाने मोडलेल्या गावांची हकीकत जोतीरावांना कळवली. उपासमारीने खंगलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवू घालता येत नाही, पेज द्यावी लागते, थोडी थोडी. हेही एक प्रकारचे नर्सिंगच. पण तेव्हा त्याला तसे कोणी म्हणत नसे.

मग पाळी आली घरातल्याच माणसाची. १८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने गुलामगिरी आणि शेतकऱ्याचा असूड ही पुस्तके लिहिली तो हात हलेना. त्यांचे मित्र डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीरावांची प्रकृती थोडी सावरली, पण पहिल्यासारखी झाली नाही. त्यांनी जिद्दीने डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केले. इतिहासात या डाव्या हाताचे कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या अडीच वर्षांत त्यांना उठवणारे, बसवणारे हातही होते ना? आपल्या धर्मग्रामात अर्धांगवायूचे रुग्ण असलेली घरे आहेत. फादर मिस्सानंतर पवित्र कम्युनियन घेऊन त्या घरी जातात. तिथे एक बायको किंवा सून असते, जिला माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास लहान करून भरवावा लागतो, नाहीतर ठसका लागतो. तिला पगार नाही, सुट्टी नाही, प्रमाणपत्र नाही. आलेले पाहुणे रुग्णाची चौकशी करतात, तिची कोणी करीत नाही. सावित्रीबाईंनी साठीच्या उंबरठ्यावर हे काम केले, तेही हातात पैसा नसताना.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून वाद झाला. दत्तक मुलगा यशवंत याला भाऊबंदांनी हक्क नाकारला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि त्यांनी टिटवे धरले. बाईने असे करणे तेव्हा कल्पनेपलीकडचे होते. त्यानंतरही त्या घरात बसल्या नाहीत. समाजाचे काम त्यांनी पुढे चालू ठेवले आणि १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या.

अशा रीतीने सावित्रीबाई १८९७मध्ये येऊन पोहोचल्या. ६६ वर्षे पूर्ण झालेल्या. आयुष्यभर केलेले काम पुरेसे होते, आणखी काही करावे अशी कोणाचीही अपेक्षा नव्हती.

प्लेग आधी मुंबईत आला. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. हे आपले गोव्याचे कॅथलिक डॉक्टर. मुंबईहून साथ पुण्यात पोहोचली. आधी थंडी वाजून ताप भरायचा, मग जांघेत किंवा काखेत गाठ यायची, माणूस बरळू लागायचा आणि बरेच जण आठवडाभरातच जायचे. औषध नव्हते. हाफकिन साहेबांनी मुंबईत तयार केलेली लस जानेवारी १८९७मध्ये स्वतःला टोचून पाहिली होती, पण ती अजून लोकांपर्यंत पोहोचलेली नव्हती. फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात रँड साहेबाची नेमणूक झाली आणि गोरे शिपाई घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले. लोकांना रोगाची जेवढी भीती होती तेवढीच सरकारी इस्पितळाची. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, बायकांची अब्रू राहत नाही, असा बोभाटा होता. तो अगदीच खोटा नसावा. कारण त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनीही पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या स्थितीबद्दल वर्तमानपत्रात उघड तक्रार केली. घरच्यांनी रुग्ण लपवावा, माळ्यावर ठेवावा, नाहीतर घर सोडून पळून जावे, असे दिवस होते ते.

डॉ. यशवंत तेव्हा लष्करी नोकरीत होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले. पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर त्यांनी प्लेगचा दवाखाना उघडला. ससाणे हे यशवंतांचे सासर. वस्तीपासून दूर, मोकळी हवा, म्हणून ही जागा. डॉक्टर मुलगा उपचार करी आणि रुग्ण आणणे, त्यांची देखभाल करणे ही कामे आई करी. इथे कोणाची जात विचारली जात नव्हती.

आता हे काम किती जोखमीचे होते ते पाहा. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे माणसात येतो, हा शोध लागला १८९८मध्ये, म्हणजे सावित्रीबाई गेल्यानंतर एका वर्षाने. १८९७च्या मार्चमध्ये हे कोणालाच माहीत नव्हते. रोग हवेतून येतो, जमिनीतून येतो, धान्यातून येतो, असे नाना तर्क चालत. म्हणजे कशापासून जपायचे तेच कळत नव्हते. रुग्णाच्या गोधडीत, धोतरात पिसू असली तरी कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते. एवढे मात्र सगळ्यांना दिसत होते की जो जवळ जातो तो पुष्कळदा मरतो. २०२०मध्ये करोनाच्या पहिल्या महिन्यांत आपणही हे थोडेफार अनुभवले. शेजारच्या दारावर चिकटवलेला कागद, अंत्यविधीला चार माणसे मिळायची मारामार. तेव्हा गोंदियाच्या रुग्णालयांत आपल्या ज्या भगिनी ड्यूटीवर जात होत्या, त्यांच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले हे ज्याचे त्याला माहीत. त्यांना निदान मास्क होता, हातमोजे होते. सावित्रीबाईंकडे लुगड्याचा पदर होता.

मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग याला प्लेगची गाठ आल्याचे सावित्रीबाईंना कळले. त्या तिथे गेल्या. गाडी नव्हती, उचलून न्यायला माणूस नव्हता. असता तरी महाराच्या प्लेग झालेल्या पोराला हात लावायला कोण पुढे आले असते? सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्याकडे चालू लागल्या. मुंढवा आणि हडपसर ही गावे शेजारी आहेत, आज दोन्ही पुणे शहरातच मोडतात. पण तापाने फणफणलेले, सैल पडलेले मूल पाठीवर घेऊन चालणे काय असते, हे देवरी-सालेकसाच्या जंगलभागातून लेकराला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठणाऱ्या आईला विचारावे. आणि इथे चालणारी आई सहासष्ट वर्षांची होती, मूल तिच्या रक्ताचे नव्हते.

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण दर वेळी ऐकतो. त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेत नेले. सावित्रीबाईंकडे जनावर नव्हते, म्हणून त्यांनी आपली पाठ दिली. ग्रानादाचे संत योहानही असेच करीत. त्या दोघांमध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर, भाषा वेगळी, धर्म वेगळा. सावित्रीबाईंनी संत योहानांचे नावही ऐकले असेल असे वाटत नाही. जोतीरावांनी मात्र येशूला गरिबांचा कैवारी बळीराजा म्हणून आपल्या लेखनात स्थान दिले होते, ते सावित्रीबाईंना नक्कीच माहीत होते.

मुलाला दवाखान्यात दाखल केले गेले. त्यानंतर सावित्रीबाईंनाच ताप भरला. लागण पांडुरंगपासून झाली की आधीच्या कोणा रुग्णापासून, हे ठरवण्याला आज अर्थ नाही. इतके दिवस त्या प्लेगमध्येच वावरत होत्या. ज्या दवाखान्यात त्यांनी दुसऱ्यांना आणले, तिथे आता त्याच रुग्ण झाल्या आणि उपचार करायला पोटच्या पोरापेक्षा जवळचा मुलगा होता. त्याच्याही हाती काही नव्हते. १० मार्च १८९७ रोजी रात्री नऊच्या सुमारास सावित्रीबाईंनी प्राण सोडला.

पांडुरंग वाचला.

या हकिकतीला थोडी पुढची बाजू आहे, तीही सांगायला हवी. त्या काळात आपल्या देशात परिचारिकेच्या कामाला मान नव्हता. परक्या पुरुषाला हात लावणे, मळमूत्र उचलणे, रात्री घराबाहेर राहणे, हे चांगल्या घरच्या बाईचे काम नाही असे सर्व जातींच्या लोकांना वाटे. इस्पितळांत नर्सचे काम करायला पुढे येत त्या बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती मुली. आपल्या समाजातील आज्या-पणज्यांनी ही टोमण्यांची वर्षे काढली आहेत. ज्या कामासाठी लोक नाक मुरडीत, तेच काम पुढे आपल्या घरांचा आधार झाले. आजही केरळच्या सिस्टरांपासून आपल्या मुलींपर्यंत कितीतरी जणी ते करतात. बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात ज्यांची बाळंतपणे झाली त्यांना रात्री तीन वाजता येणाऱ्या नर्सबाईंची किंमत वेगळी सांगायला नको.

हिंदू समाजातील बायकांसाठी पुण्यात ही वाट उघडली ती रमाबाई रानडे यांनी. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. १९०९ साली रमाबाईंच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची सोय झाली. या शिकाऊ नर्स शाळकरी मुली नव्हत्या. त्यांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. माहेर बंद, सासर बंद, अक्षरओळख मोठेपणी झालेली. अशा बायका धडे पाठ करीत, पट्टी बांधायला शिकत, थर्मामीटर वाचायला शिकत. विरोध झालाच. विधवेने दुसऱ्याच्या खाटेशी उभे राहावे हे पुण्याला रुचले नाही. ज्या शहराने साठेक वर्षांपूर्वी शिक्षिकेवर शेण टाकले होते, त्याने आता नर्सकडे पाहून तोंड फिरवले. बायका वॉर्डात जात राहिल्या. फुल्यांच्या घरी लपूनछपून बाळंत व्हायला आलेल्या होत्या त्याही विधवाच. आता विधवा दिवसाढवळ्या, पांढरा पोशाख घालून, दुसऱ्यांच्या बाळंतपणाला उभ्या राहत होत्या, आणि महिनाअखेर त्यांच्या हातात स्वतःच्या कमाईचे पैसे पडत होते.